घराच्या वार्षिक कार्बन उत्सर्जनाचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): आमच्या चौघांच्या घरामुळे वर्षभरात किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे मोजायचे आहे. विजेखेरीज काय धरावे?

उत्तर १: बिलांतील युनिटांच्या वार्षिक बेरजेला सुमारे ०.७ ने गुणल्यास किलोग्रॅममधील उत्तर मिळते, कारण आपली बहुतांश वीज अजूनही कोळशापासूनच तयार होते. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २.३ किलो आणि १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो धरावेत. सोसायटीची लिफ्ट व पाण्याचा पंप यांचा वाटा मात्र बहुतेक जण (सोयीस्करपणे) वगळतात.

प्रश्नकर्ता: आमच्याकडे पाइपचा गॅस आहे.

उत्तर २: मग प्रतिघनमीटर सुमारे २ किलो धरा. लोकलचा प्रवास तुलनेने किरकोळ ठरतो. लंडनची एक विमानवारी मात्र, माझ्या मते, स्वयंपाकाच्या वार्षिक गॅसला सहज मागे टाकेल.