विडी कामगार स्त्रियांवरील औषधशास्त्रीय संशोधनासाठी अनुदान कोठून मिळू शकेल?

औषधशास्त्र_जुळेसोलापूर

नमस्कार. सोलापुरातील एका खासगी, विनाअनुदानित फार्मसी महाविद्यालयात मी औषधशास्त्र शिकवते. माझी पीएच.डी. झालेली आहे, परंतु बाहेरचा प्रकल्प निधी मिळवण्याचा प्रयत्न मी अद्याप केलेला नाही, म्हणून येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

विषय थोडक्यात सांगते. सोलापूरच्या पूर्वभागात आणि जवळच्या कुंभारीकडील वसाहतींत हजारो स्त्रिया पान-तंबाखू घरी आणून दिवसभर विड्या वळतात. हाताळलेल्या तंबाखूतील निकोटीन त्वचेवाटे शरीरात जाते आणि लघवीतील कोटिनीन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणारे द्रव्य, मोजून त्याचा अंदाज घेता येतो. हे प्रमाण आपल्या येथील स्त्रियांमध्ये किती आहे, हे आम्हाला आधी पाहायचे आहे. त्यानंतर बोटांवर पातळ थर धरणारे, परंतु विडी वळताना निसरडे न होणारे आणि पानाला डाग न पाडणारे संरक्षक क्रीम तयार करून त्याचा उपयोग तपासायचा आहे.

दोन वर्षांसाठी अंदाजे २८ लाख रुपये लागतील असे आमचे गणित आहे. व्यवस्थापनाने जागा, वीज आणि प्रयोगशाळेतील सध्याची उपकरणे देण्याचे मान्य केले आहे, मात्र रोख रक्कम देण्यास असमर्थता दर्शवली आहे. खासगी महाविद्यालयाला केंद्र सरकारचे संशोधन अनुदान मिळते का, मिळत असल्यास कोणाकडे अर्ज करावा, आणि विडी कारखान्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीसाठी, म्हणजे सीएसआरसाठी, विचारणा करणे योग्य ठरेल का, एवढे तीन प्रश्न आहेत.

सिव्हिलचौक

मॅडम, विषय उत्तम आहे, आणि तो सोलापूरबाहेरच्या फारशा कोणाला सुचणार नाही, हेच त्याचे बळ आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यक शिकवत होतो. निवृत्तीपूर्वी प्रस्तावांची छाननी करण्याचे कामही माझ्याकडे असे, त्या अनुभवावरून लिहितो.

खासगी संस्थेला अनुदान मिळते, परंतु अर्जाचा विचार होण्याआधी संस्थेची पात्रता पाहिली जाते, आणि बहुतेक खासगी महाविद्यालये तेथेच अडतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, बिगरसरकारी संस्थेकडे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची ‘सायरो’ मान्यता, म्हणजे संशोधन करणारी संस्था असल्याची मान्यता, मागते. जैवतंत्रज्ञान विभागाकडे गेलात तरी हीच अट समोर येईल. ही मान्यता मिळवताना संशोधन सल्लागार समिती, लेखापरीक्षित ताळेबंद आणि प्रत्यक्षात संशोधन चालू असल्याचे पुरावे दाखवावे लागतात. त्यामुळे आपल्या प्राचार्यांना पहिला प्रश्न विचारा तो सायरोचा. नीती आयोगाच्या, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीसाठीच्या, दर्पण संकेतस्थळावरील संस्थेची नोंदणीही त्याच वेळी तपासून घ्या.

आता कोणाकडे जावे याविषयी. आपल्या प्रकल्पासाठी आयसीएमआरची लघु बहिर्गत, म्हणजे परिषदेबाहेरच्या संस्थांसाठीची, अनुदान योजना सर्वांत जवळची आहे. २०२३ मध्ये परिषदेने आपल्या अनुदानांची फेररचना केली, तेव्हा लघु अनुदानाची कमाल मर्यादा २ कोटी रुपये आणि मध्यम अनुदानाची २ ते ८ कोटी रुपये अशी ठेवण्यात आली, त्यामुळे २८ लाखांचा प्रकल्प लहान म्हणून मागे पडेल अशी भीती बाळगू नये. प्रस्ताव मागवणाऱ्या त्या आवाहनात प्रस्ताव वर्णन, शोध, विकास आणि अंमलबजावणी यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे अर्जदाराला स्पष्ट करावे लागत असे. आपल्या प्रस्तावाची खरी अडचण येथेच आहे, कारण कोटिनीनचे सर्वेक्षण हे वर्णन आहे, तर क्रीम हा विकास आहे. दोन्ही एका अर्जात घातले तर सर्वेक्षण पाहणारा तज्ज्ञ म्हणेल की क्रीमचा आधार कच्चा आहे, आणि औषधनिर्मितीचा तज्ज्ञ म्हणेल की नमुना निवड सैल आहे. माझे स्पष्ट मत असे की आता केवळ सर्वेक्षणाचा प्रस्ताव द्यावा. त्यातून हाती येणारे आकडे क्रीमच्या पुढील अर्जात आपली बाजू आपोआप मांडतील.

मोठ्या आकड्यांच्या घोषणांनी मात्र विचलित होऊ नये. औषधनिर्माण विभागाची औषध संशोधनाला चालना देणारी ५,००० कोटींची ‘प्रिप’ योजना वर्तमानपत्रांतून गाजली, परंतु तिच्यातील ७०० कोटी नायपर या राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण-संशोधन संस्थांतील उत्कृष्टता केंद्रांसाठी असून उरलेल्या निधीचा मोठा भाग उद्योग आणि नवउद्योगांसाठी आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधनाला निधी देणाऱ्या ‘सर्ब’ मंडळाची जागा घेणारे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन २०२३ च्या कायद्याने आले. तेथे क्रीममधील बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) रसायनशास्त्राला वाव मिळू शकेल, कामगारांच्या आरोग्य सर्वेक्षणाला मिळणे अवघड आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, योजनांचे म्हणाल, तर मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फार्मसी शिक्षणावर फार्मसी कौन्सिलचाच अधिकार असल्याचा निर्वाळा दिल्यानंतर ज्या महाविद्यालयांनी एआयसीटीईची मान्यता घेणे सोडले, त्यांनी त्या वाटेवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट अर्जातच दिसली पाहिजे, ती म्हणजे संमतीपत्राची भाषा. पूर्वभागातील कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते आणि वाचायची वेळ आली तर मराठी वाचली जाते, तर काही वयस्क स्त्रियांना दोन्ही लिप्या येत नाहीत. त्यामुळे माहितीपत्रक मराठीत छापून ते तेलुगूत समजावून सांगण्याची व्यवस्था हवी. वाचता न येणाऱ्या सहभागी स्त्रीच्या संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षर साक्षीदार असावा, हे आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. हा तपशील पुण्या-मुंबईहून येणाऱ्या अर्जात सहसा आढळत नाही, आणि तपासणाऱ्याच्या नजरेत तो लगेच भरतो.

चिंचोळी_एमआयडीसी

मी कच्च्या औषधद्रव्यांच्या उद्योगात काम करतो. सरांनी क्रीम मागे ठेवण्याचा जो सल्ला दिला आहे, त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. सर्वेक्षणातून शोधनिबंध निघेल, परंतु वळणाऱ्या हाताला काही मिळायचे असेल तर वस्तूच लागेल. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना साहाय्य करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे ‘बिग’ अनुदान अशाच सुरुवातीच्या कल्पनांसाठी असून त्यात १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. हे अनुदान नवउद्योग आणि नवउद्योजकांसाठी आहे, महाविद्यालयाच्या विभागासाठी नाही, त्यामुळे कोणीतरी उद्योजकाची भूमिका स्वीकारावी लागेल, कदाचित आपला एखादा एम.फार्म. झालेला विद्यार्थी. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएलच्या) आवारातील व्हेंचर सेंटर हे नवउद्योग साहाय्य केंद्र या योजनेतील भागीदार केंद्रांपैकी एक आहे आणि सोलापूरहून तेच सोयीचे पडेल.

पेटंटचा अर्ज दाखल होण्यापूर्वी क्रीमचे सूत्र परिषदेतील पोस्टरवर किंवा विद्यार्थ्याच्या खुल्या प्रबंधात जाऊ देऊ नका. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळते, त्यामुळे खर्चाची सबब आता उरलेली नाही.

सीएसआरविषयी सांगायचे तर २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ केवळ मोठ्या कंपन्यांनाच लागू होते. ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची असते. संशोधनासाठीची जी बाब त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे खर्चाच्या मान्य बाबींच्या यादीत, आहे, तिचा रोख सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठे आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्याकडे आहे. खासगी महाविद्यालयाने आरोग्यसेवेच्या बाबीखाली तपासणी शिबिरांसाठी निधी मागावा, हे अधिक सुसंगत ठरेल. विडी कारखानदारांना विचारायलाही माझ्या मते हरकत नसावी. शेवटी कामगार त्यांचेच आहेत.

सिव्हिलचौक

शेवटच्या मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे. विडी उद्योग हा तंबाखू उद्योग आहे. भारताने २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली आहे, आणि त्यातील कलम ५.३ नुसार आरोग्यविषयक धोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवणे बंधनकारक आहे. ‘प्लॉस मेडिसिन’ने २०१० पासून आणि ‘बीएमजे’ने २०१३ पासून तंबाखू उद्योगाच्या पैशातून झालेले संशोधन छापणे बंद केले. कारखान्याकडून दोन लाख घेतले तर उद्या निष्कर्ष काहीही निघाला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. कोटिनीन कमी आढळले तर मालकांसाठी लिहिले असे म्हणतील, आणि जास्त आढळले तर पुढच्या वेळी वस्तीत शिरणे कठीण होईल. कामगारांपर्यंत पोहोचण्यासाठी कामगार संघटना आणि विडी कामगारांसाठीचे कल्याण दवाखाने हा मार्ग अधिक निर्मळ आहे, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

क्रीमविषयीचा आपला आग्रह मला समजतो. परंतु निकोटीन रोखते असा दावा करून ते स्त्रियांवर वापरून पाहायचे म्हटले की औषध नियंत्रकांची परवानगी लागते का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल, आणि पहिली सहभागी नोंदवण्यापूर्वी सीटीआरआय या राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत नोंद करावी लागेल. म्हणून मी क्रम सुचवला, क्रीम सोडा असे म्हटलेले नाही.

जमाखर्च

अनुदानित प्रकल्पांचे हिशेब पाहणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून केवळ पैशाच्या बाजूने लिहितो.

२८ लाखांचा आकडा कोठून आला, ते शीर्षनिहाय मांडा. मनुष्यबळाचा खर्च सर्वांत मोठा असतो आणि तोच बहुधा कमी धरला जातो. १ जानेवारी २०२३ पासूनच्या केंद्रीय दरानुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्राला दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता द्यावा लागतो. म्हणजे दोन वर्षांत एका व्यक्तीवर भत्ता सोडूनच ८ लाख ८८ हजार रुपये जातात. आयसीएमआरच्या प्रकल्पांतील पदांना परिषदेची स्वतःची वेतनरचना आहे, त्यामुळे तेथे अर्ज करताना त्या आवाहनासोबतचेच दर घ्यावेत. कोटिनीनची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घेणार असाल तर प्रत्येक नमुन्याचा लेखी दर आजच मागवा, कारण नमुन्यांची संख्या आणि हा दर यांचा गुणाकार जुळला नाही तर छाननीत तेच पहिल्यांदा दिसते.

रक्कम मिळाल्यानंतरचे नियम अर्जापूर्वी वाचावेत. एका शीर्षाची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली परवानगीशिवाय वळवता येत नाही. अनुदानावरील व्याज संस्थेचे नसते, ते परत करावे लागते. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नमुना १२-अ मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढील हप्त्याची अपेक्षा धरू नये. खासगी संस्थांत प्रकल्पाची रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळण्याची सवय असते, ती आधीच मोडून स्वतंत्र खाते उघडावे. जीएसटीबाबत, सप्टेंबर २०२४ मधील जीएसटी परिषदेच्या शिफारशीनंतर संशोधन अनुदानाला सूट मिळाली आहे, परंतु खासगी संस्थेसाठी ती १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ३५ खालील अधिसूचनेशी जोडलेली असल्याने आपल्या सनदी लेखापालांकडून लेखी मत घ्यावे.

औषधशास्त्र_जुळेसोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्राचार्यांकडे चौकशी केली. आमच्या संस्थेकडे सायरो मान्यता नाही आणि मानवी सहभागींसाठी नोंदणीकृत नैतिकता समितीही नाही. प्राण्यांवरील प्रयोगांची समिती आहे, परंतु तिचा येथे उपयोग नाही. विडी कारखान्यांकडे जाण्याचा विचार मी सोडून दिला आहे. सायरोची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल का, की दरम्यान काही करता येईल?

सिव्हिलचौक

थांबण्याचे कारण नाही. प्रमुख संशोधक शासकीय संस्थेतील असावा आणि आपण सहसंशोधक व्हावे, म्हणजे अनुदान त्या संस्थेकडे येईल आणि सायरोची अट आड येणार नाही. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील जनऔषधवैद्यक किंवा त्वचारोग विभागात जाऊन भेटा, दोन पानांची संकल्पना सोबत ठेवा, आणि कोणते काम कोणत्या संस्थेत होईल व शोधनिबंधावर नावे कशी येतील, हे सामंजस्य करारात आधीच लिहून घ्या. नैतिकता समितीच्या मान्यतेचा मार्गही त्याच करारातून निघेल. ती समिती केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत आहे ना, एवढे पाहावे. तंबाखू कामगारांच्या विषयात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचा अनुभव मोठा आहे. ती आयसीएमआरचीच संस्था असल्याने कोटिनीन मापनाच्या पद्धतीविषयी तेथील शास्त्रज्ञांना पत्र लिहावे.

प्राथमिक आकड्यांसाठी एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांचीही मदत होईल. आयसीएमआरची अल्पमुदतीची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांचा एखादा छोटा अभ्यास, उदाहरणार्थ हातांच्या त्वचेच्या तक्रारींची पाहणी, वैद्यकीय महाविद्यालयातील मार्गदर्शकाच्या नावावर त्यातून होऊ शकतो.

चिंचोळी_एमआयडीसी

आणि क्रीमचे प्राथमिक काम तर उद्यापासून आपल्याच प्रयोगशाळेत होऊ शकते. फ्रांझ डिफ्यूजन सेल या त्वचेतून द्रव्य किती झिरपते ते मोजणाऱ्या उपकरणावर, कत्तलखान्यातून मिळणाऱ्या जनावराच्या कानाच्या त्वचेतून निकोटीन किती आरपार जाते, ते क्रीमसह आणि क्रीमविना मोजा. एम.फार्म.च्या दोन प्रबंधांत हे काम बसते आणि त्याला सहभागी स्त्रियांची गरज नाही. कारखान्यातील तंबाखूचा नमुना न घेता शुद्ध निकोटीनच्या प्रमाणित द्रावणापासून सुरुवात करा.

जमाखर्च

विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विचार राहिला आहे. पीएच.डी.साठी नोंदणी झालेल्या संशोधकाला बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांकडून प्रवर्गानुसार अधिछात्रवृत्ती मिळाली तर प्रकल्पातील मनुष्यबळाचे शीर्ष बरेच हलके होते. पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात असल्याने पूर्वभागातील विद्यार्थ्यांसाठी महाज्योतीची जाहिरात पाहावी, आणि असा विद्यार्थी मिळाल्यास तेलुगूचा प्रश्नही त्याच्याकडूनच सुटेल. फक्त एकाच व्यक्तीला त्याच काळात प्रकल्पातूनही वेतन दाखवू नका.