मदत हवी आहे: माणूस वाचवला आणि भावावरच तक्रार, उद्या जबाब

शिवार_सांगली
भावाने ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाला बाहेर काढलं. आता त्याच्या घरचे म्हणतात, तुम्ही ओढलंत म्हणून मांडीचं हाड मोडलं. ठाण्यात अर्ज दिलाय, उद्या सकाळी भावाला बोलावलंय. चांगल्या हेतूने केलं तर गुन्हा होत नाही असं कलम आहे म्हणे. नंबर सांगा फक्त. लेक्चर नको.

काळाकोट
नुसता अर्ज की एफआयआर झालाय? लेखी नोटीस आली की फोन? माणूस शुद्धीत होता का?

पुण्याचा_पांथस्थ
घाबरू नका हो. गुड समॅरिटन, म्हणजे अपघातात मदतीला धावलेला माणूस! सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशनच्या प्रकरणात सांगितलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ आलंय. मदत करणाऱ्यावर ना दिवाणी दावा, ना फौजदारी. नाव सांगायचीही सक्ती नाही. मी हायवेवरून एकाला दवाखान्यात नेलं होतं, पोलिसांनी उलट चहा पाजला.

शिवार_सांगली
फोनच आला. एफआयआर नाही. बेशुद्ध होता. मग १३४अ सांगितलं की झालं ना?

काळाकोट
थांबा. ट्रॅक्टर कोणाचा?

शिवार_सांगली
आमचा. सापडलेला माणूस आमच्याकडेच ड्रायव्हर आहे. त्याचा इथे काय संबंध?

काळाकोट
सगळा संबंध तिथेच आहे. १३४अ डोळ्यांसमोर वाटसरू ठेवून केलंय. मालकाला ते कितपत लागू, यावरच भांडण होईल. तुमचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०, जुन्या भादंविचं ९२. समोरचा संमती देण्याच्या अवस्थेत नाही, त्याच्या वतीने कायदेशीरपणे संमती देऊ शकेल असं कोणी वेळेत मिळत नाही, आणि त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने काही केलं, तर त्यातून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. पण संहितेत सद्भावनेची अट पुरेशी काळजी आणि लक्ष अशी आहे. मन साफ होतं एवढ्यावर भागत नाही.

पुण्याचा_पांथस्थ
१३४अ मध्ये 'मालक सोडून' असं कुठे लिहिलंय? उगाच घाबरवू नका.

काळाकोट
'स्वेच्छेने' लिहिलंय ना? आणि त्याच्याच आधीच्या १३४ मध्ये अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून द्यायची जबाबदारी चालकावर आणि वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकलीय. चहा विसरा आता.

डॉक्टर_गावचा
ओढलं कसं? हाताने, दोरीने, जॅक लावून? जड वजनाखाली बराच वेळ चेंगरलेला पाय एकदम मोकळा केला तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. लोकांना हे माहीतच नसतं. १०८ ला फोन केला होता का? ट्रॅक्टरला रोलबार, म्हणजे उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट, होता का? आपल्याकडे कोणी बसवतच नाही, दरवर्षी तेच.

शिवार_सांगली
रोलबारचं नंतर बघू. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून मडगार्ड उचललं, भावाने काखेत धरून ओढलं. १०८ ला फोन आधीच केला होता. ड्रायव्हरचा चुलता काठावरून ओरडत होता, जेसीबी येऊ द्या, हात लावू नका. पण तोंड पाटाच्या पाण्यात होतं हो! जेसीबीची वाट कोण बघेल?

काळाकोट
अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! आता ऐका. प्रौढ माणसाचा चुलता म्हणजे कायदेशीर पालक नाही, त्याच्या 'नको'ने कलम ३० आपोआप जात नाही. पण जेसीबी दहा मिनिटांत येणार होता आणि धोका वाढत नव्हता, असं असतं तर तुमची 'काळजी' अडचणीत आली असती. तोंड पाण्यात असल्यावर चित्र बदलतं. कलमाखालच्या दाखल्यांत जळत्या घराच्या गच्चीवरून मूल खाली धरलेल्या घोंगडीत टाकणारा माणूस आहे. मूल मेलं तरी गुन्हा नाही. तुमचं त्याच जातीचं.

विदर्भवीर
त्यातच वाघाचाही दाखला आहे ना? वाघ माणसाला ओढून नेतोय, दुसरा गोळी झाडतो, ती माणसालाच लागते. आमच्या चंद्रपूरकडे अजून लागू 😄

बांधावरचा
पाटाची हद्द बघितली का? जमीन बहुतेक पाटबंधारे खात्याची असते. सातबारा काढा, मोजणी मागवा.

शिवार_सांगली
मोजणीचा काय संबंध? काळाकोट साहेब, म्हणजे हे कलम सांगून भाऊ मोकळा?

काळाकोट
लगेच नाही. न्याय संहितेचं कलम १२५, म्हणजे निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, लावून गुन्हा नोंदवता येतो. ते जामीनपात्र आहे. कोर्टात कलम ३० सारखा अपवाद सिद्ध करायचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम १०८ प्रमाणे आरोपीवर येतो, पण संशयापलीकडे नाही, संभाव्यता पटवली तरी पुरतं. पाण्याबद्दल साक्षीदारांची नावं जबाबात येऊ द्या. १०८ च्या कॉलची वेळ फोनमध्ये आहे, डिलीट करू नका. जबाब वाचल्याशिवाय सही नको. आणि ट्रॅक्टर उलटला कसा हा वेगळा प्रश्न आहे, तिथे कलम ३० चालणार नाही.

आकडेमोड
खरं सांगू? घरच्यांना केस नकोय, पैसे हवेत. आधी १९२३ चा कामगार भरपाई कायदा होता, आता सामाजिक सुरक्षा संहिता आहे, त्यात साधारणपणे मालकाची चूक नसली तरी भरपाई देणं आहे. विम्यात ड्रायव्हरची जोखीम घेतली होती का?

शिवार_सांगली
पॉलिसी बघतो. बहुतेक थर्ड पार्टीच आहे. जबाबाला वकील बरोबर नेता येतो का, एवढंच सांगा.

पुण्याचा_पांथस्थ
मी अजूनही म्हणतो, १३४अ.