मदत हवी आहे: शब्द सारखाच दिसतो, तरी सी प्रोग्राम 'चूक' म्हणतो

मंडळी, सी नुकतंच शिकायला घेतलंय, लिनक्सवर जीसीसी कंपायलर आहे. बोलीभाषा ओळखा असा छोटा खेळ करतेय, उत्तर टाइप करायचं आणि ते कोडमधल्या शब्दाशी जुळतंय का बघायचं. डबल इक्वलने नुसते पत्ते तपासले जातात, अक्षरं नाही, म्हणून स्ट्रसीएमपी वापरलंय, शून्य आलं तर बरोबर. एफगेट्स शेवटी एंटरचा न्यूलाइन ठेवतं तोही काढलाय. अहिराणी, मालवणी, कोकणी सगळं नीट चालतं, गाडी अडते ती फक्त वऱ्हाडीवर!

म्हणजे मी माझ्या लॅपटॉपवर टाइप केलं की बरोबर येतं, पण दादाने त्याच्या कीबोर्डवरून 'वर्‍हाडी' लिहिलं की चूक, आणि स्क्रीनवर दोन्ही शब्द डिट्टो सेम. स्ट्रलेनने बाइटमधली लांबी काढली तर माझ्या शब्दाची २१ आणि त्याच्या शब्दाची २४. मग लूप लावून एकेक बाइट अनसाइन्ड कॅरमध्ये छापला, पहिले पाच सारखे, सहावा माझा १७७ आणि त्याचा १७६, आणि पुढे त्याच्यात २२६ १२८ १४१ असे तीन जास्तीचे घुसलेत. हे तीन कुठून आले? अचूक उत्तर देणाऱ्याला चूक ठरवणं मला अजिबात पटत नाहीये, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
ताई, बाइट छापून बघितलेत ते उत्तम केलंत, उत्तर तिथेच आहे. तुमच्या शब्दात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. दादांच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक टाकलाय, झीरो विड्थ जॉइनर म्हणतात तो, तेच तुमचे जास्तीचे तीन बाइट. आकार एकच उमटतो पण स्ट्रसीएमपी आकार बघत नाही, बाइट बघतं.

तुलनेआधी एक फंक्शन लिहा: र, हलन्त, जोडक हे नऊ बाइट स्ट्रस्ट्रने शोधा, त्याजागी ऱ आणि हलन्त असे सहा बाइट ठेवा आणि उरलेला भाग शेवटच्या शून्यासकट मेममूव्हने तीन घरं मागे ओढा, स्ट्रस्ट्रला काही सापडेनासं होईपर्यंत. दोन्ही शब्दांवर चालवा. कोडमध्ये जोडक मात्र बॅकस्लॅश एक्स वापरून बाइटच्या हेक्स (सोळा-आधारी) आकड्यांनीच लिहा, एडिटरमध्ये तो दिसतच नाही.

र खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिलेला ऱ पण सापडेल कधीतरी. तो युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, एक होतो, जोडकवाला होत नाही, त्यामुळे मोठी लायब्ररी आणली तरी हे फंक्शन लागणारच.