ब्रुनो गुटगुटीत, चिंगी उपाशी?

(मुलुंड पूर्वेतली आमची तीन विंगची सोसायटी. ग्रुपवर इथल्या कुत्र्यांच्या जाडीवरून झालेली ही चर्चा उतरवून ठेवतोय. मधली गुड मॉर्निंगची फुलं, पाण्याच्या टँकरचे मेसेज आणि कुणाची तरी हरवलेली दुधाची पिशवी गाळली आहे.)

रविवार, सकाळ

नाना (ए-१०१): सायली, राग मानू नकोस. तुझी चिंगी काल जिन्यात दिसली. बरगड्या मोजता येतात गं. मुक्या जनावराला पोटभर घालत जा. तो बी विंगचा ब्रुनो बघ कसा गुटगुटीत आहे.

सायली (सी-२०३): नाना, दोन्ही वेळ पोटभर जेवते ती. जेवून झाल्यावर तुमच्या चपला पळवण्याइतकी ताकदही असते.

शुभाकाकू (बी-१०४): मलाही हडकुळीच वाटते हो. आमचा चिकू बघा, कसा कापसाचा गोळा.

वैशाली (बी-३०२): थँक्यू नाना. ब्रुनोला सांगते तुम्ही कौतुक केलंत.

केतकी (ए-४०४): नाना, मी उलटं बोलणार आहे, रागावू नका. चिंगी अगदी बरोबर आहे. जाड ब्रुनो आहे.

रोहन (सी-५०१): पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सुनील (बी-३०२): अगं केतकी, लॅब्रॅडॉर आहे तो. लॅब असेच असतात. हाडापेराने मोठा आहे.

नाना: ही कालची पोर आता आपल्याला शिकवणार.

(केतकी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. नानांच्या लेखी ती अजून लिफ्टची सगळी बटणं दाबून पळणारी पोरगी आहे.)

केतकी: सुनीलदादा, हाडापेराचं म्हणणं खोटं नाही. लॅब नर साधारण २९ ते ३६ किलोचा असतो, पण एखादा थोराड निघतो, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये. आधी हात लावायचा, मग काटा. त्यासाठी १ ते ९ अशी पट्टी आहे. १ म्हणजे सापळा, ९ म्हणजे पिंप. ४ आणि ५ बरोबर. आता सगळ्यांनी एक करा. डाव्या हाताची मूठ वळा आणि मुठीवरची टेंगळं उजव्या बोटांनी चाचपा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो हडकुळा. आता मूठ सोडा, हात सपाट धरा आणि पंजाच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवा. हाडं कळतात, पण वर पातळसं आवरण आहे. हे बरोबर. मग हात उलटा करून तळव्यावरून फिरवा. हाडं आहेत, पण दाबल्याशिवाय सापडत नाहीत. हे जाड.

नाना: मी मूठ वळून बसलोय. ही विचारतेय, कोणावर चिडलात.

केतकी: हाहा. पुढचं. कुत्रा उभा असताना वरून बघायचं. बरगड्या संपल्या की कंबर आत यायला हवी. मग बाजूने बघायचं. छातीपासून मागच्या पायांकडे पोट वर चढत जायला हवं. चिंगीचं चढतं. वळताना तिच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, तेवढं तिच्या अंगाला शोभतं. देशी कुत्री अशीच काटक असतात.

नाना: हे मात्र खरं. आमच्या गावी कारवानी कुत्री असायची. सशामागे सुटली की दिसायची नाहीत. त्यांच्याही बरगड्या दिसायच्या, पण त्यांना कोणी उपाशी म्हणत नसे.

सायली: नाना, आत्ताच मला म्हणालात.

नाना: ती शिकारी कुत्री होती. ही चपला पळवते.

सुनील: करून पाहिलं. पहिल्या फेरीत बरगड्या सापडल्याच नाहीत. दाबल्यावर सापडल्या. तोवर साहेब उताणे झोपले, त्यांना वाटलं लाड चाललेत.

केतकी: आणि वरून?

सुनील: वरून सेंटर टेबल आहे.

वैशाली: अहो, ग्रुपवर काय लिहिताय.

रविवार, संध्याकाळ

सुनील: घरच्या काट्यावर प्रयत्न केला. आधी मी एकटा उभा राहायचं, मग त्याला उचलून, आणि वजाबाकी करायची. माझे ७८ आले. त्याला उचलल्यावर आकडा स्थिर व्हायच्या आत माझी कंबर गेली. आता मी मूव्ह लावून आडवा आहे आणि तो माझ्या उशीवर.

रोहन: दादा, डेडलिफ्टला फॉर्म महत्त्वाचा.

शुभाकाकू: रद्दीवाल्याकडे मोठा काटा आहे.

सुनील: काकू, तो वजन करून पैसे हातात ठेवेल.

केतकी: उद्या डॉक्टरांकडेच न्या, तिथे जमिनीवरचा काटा असतो. आणि थायरॉइडची तपासणी करायला सांगा. खाणं थोडं असूनही वजन वाढत असेल, मरगळ असेल, तर तेही कारण असतं.

सोमवार

सुनील: ४१ किलो. डॉक्टरांनी चाचपून ९ पैकी ७ सांगितले. थायरॉइडचा रिपोर्ट उद्या. ते म्हणाले ३४ पर्यंत आणा. पण मला कोडं पडलंय. आम्ही त्याला कपाने मोजून देतो. पाकिटावर लिहिलंय तेवढंच, एक दाणा जास्त नाही.

केतकी: पाकिटावरचा कुठल्या वजनापुढचा आकडा घेता?

सुनील: ४० च्या.

केतकी: तिथेच चुकतंय. आहे त्या वजनाचं खाणं घातलं तर ते वजन टिकतं. शिवाय त्याची नसबंदी झाली आहे ना? त्यानंतर अंगाला लागणारं खाणं कमी होतं आणि भूक मात्र वाढते. आणि कप सोडा, ग्रॅमचा काटा घ्या. एकाच कपात कधी शीग लावून भरतो आपण, कधी सपाट.

वैशाली: पण तो समोर बसून असा बघतो गं. घास उतरत नाही.

केतकी: वहिनी, त्यात त्याचाही दोष नाही. २०१६ साली केंब्रिजच्या लोकांनी शोधलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये, जवळपास चारात एकामध्ये, एका जीनचा तुकडा गळालेला असतो. पोट भरलं हा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. त्यामुळे तो बघतोय म्हणजे त्याला भूक लागली आहे, असं समजायचं नाही.

रोहन: माझाही तो जीन गळालाय.

केतकी: आता खरा प्रश्न विचारते, सगळ्यांनी खरं सांगा. ब्रुनोला घराबाहेर कोण काय देतं?

(पुढची अकरा मिनिटं ग्रुपवर शुकशुकाट. एरवी पार्किंगवरून रात्री एकलाही मेसेज पडतात.)

शुभाकाकू: मी बिस्किटं देते. तीन-चार. ग्लुकोजची, साधीच.

रोहन: मी जिममुळे अंड्याचं पांढरंच खातो. पिवळे बलक वाया कशाला घालवायचे? रोज तीन.

सेक्रेटरी: वॉचमनकाका सांगतात, सकाळच्या चहात बुडवून एक पाव. त्यांच्याच वाटणीतला.

वैशाली: आणि सकाळची पोळी? रोज फिरून आला की तोंडाला तुपाचा वास येतो.

नाना: एकच देतो. पहिली पोळी गाईची. आता मुलुंडात गाय कुठून आणू?

केतकी: धरा. तूप लावलेली पोळी दीडशे कॅलरी. चार बिस्किटं शंभर. पाव शंभर. तीन बलक दीडशेच्या वर. पाचशे झाल्या. वजन उतरवायचं तर त्याला दिवसाला साधारण हजार कॅलरी पुरतात. म्हणजे घरचं ताट मोजूनमापून, आणि वर अर्धं ताट सोसायटीचं. वरखाणं एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे शंभर कॅलरी. शुभाकाकूंची चार बिस्किटं झाली की दिवस संपला.

सुनील: आणि मी इथे कप सपाट करत बसलो होतो.

नाना: पण खाऊ दे की गं. किती वर्षांचं आयुष्य त्याचं. खाऊनपिऊन सुखी राहील.

केतकी: नाना, त्यासाठीच सांगते. लॅब्रॅडॉरवरच चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, २००२ साली छापून आला. ४८ पिल्लं, एकाच वेतातल्या जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांपैकी निम्मी १३ वर्षांच्या पुढे जगली, दुसऱ्यांतली निम्मी ११.२ च्या पुढे. सांधेही त्यांचे उशिरा दुखायला लागले. तुमच्या एका पोळीने एवढा फरक पडत नाही, पण पोळी एकटी कुठे आहे? आणि सध्याची ऑक्टोबर हीट बघा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गार होतो. मुंबईच्या दमट हवेत तेही धड होत नाही, वर चरबीची गोधडी पांघरलेली.

नाना: दुपारी लिफ्टपाशी फरशीवर पसरलेला असतो खरा.

(यानंतर नानांचा मेसेज आला नाही. पण मंगळवारी सकाळी ते फाटकापाशी पोळी हातात घेऊन उभे होते आणि ब्रुनो समोर बसलेला होता. पोळी शेवटी नानांनीच खाल्ली. मी बाल्कनीतून पाहिलं.)

मंगळवार, रात्र

सुनील: थायरॉइड नॉर्मल. म्हणजे कारण आपणच.

शुभाकाकू: केतकी, जागी आहेस का? तू सांगितलंस तसं गंमत म्हणून चिकूला चाचपलं. मला वाटलं होतं तळव्यासारखं लागेल. मुठीसारखं लागलं गं. पाठीचा कणा तर दातेरी लागतोय.

केतकी: काकू, हात मागे कमरेच्या हाडांपाशी न्या. दोन टोकं वर आलीत?

शुभाकाकू: हो. केसांत दिसतच नाहीत. रोज आंघोळ घालत नाही ना, महिन्याने ग्रूमरकडे जातो.

केतकी: घाबरू नका, पण उद्याच डॉक्टरांकडे न्या. पॉमेरेनियनच्या केसांत काहीही लपतं. तेरा वर्षांचा आहे ना? या वयात स्नायू झडतात. कधी किडनी, कधी साखर, कधी नुसते दात. मागचं वजन कुठे लिहिलंय का?

शुभाकाकू: लसीच्या पुस्तकात ६.२ आहे. दीड वर्षापूर्वीचं.

बुधवार

शुभाकाकू: ४.८ भरला. रक्त घेतलं, किडनी ठीक आहे, साखर ठीक आहे. मागची दाढ सडली आहे. वाटी रिकामी होत होती म्हणून मला वाटायचं जेवतोय. दाणे तोंडात घेऊन सोफ्याखाली नेऊन टाकत होता. आत्ता झाडू घातला तर मूठभर निघाले. उद्या भूल देऊन दाढ काढणार.

नाना: शुभाताई, मी येतो बरोबर. रिक्षात एकट्या कुठे धराल त्याला.

(चिकू रोज संध्याकाळी कट्ट्यावर शुभाकाकूंच्या मांडीवर असतो. आम्ही सगळे त्याला ढमाल्या म्हणायचो.)

शनिवार

शुभाकाकू: चिकू मऊ भात आणि उकडलेली कोंबडी खातोय. वाटी चाटून पुसून. सोफ्याखाली पाहिलं, काही नाही.

केतकी: मस्त. आता एक सूचना, दिवाळी आली म्हणून. फराळ कोणाच्याही कुत्र्याला नको. तेलतूप राहू दे बाजूला, चिवड्यातला आणि लाडवावरचा बेदाणा कुत्र्यांना विषारी असतो, किडनी जाते. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. चॉकलेट नको, कांदा नको. द्यायचंच असेल तर काकडी, गाजर, बी काढलेलं सफरचंद, वाफवलेली फरसबी.

रोहन: ब्रुनो माझ्यापेक्षा चांगलं डाएट करणार.

सुनील: किती दिवस लागतील गं?

केतकी: आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्के. त्याला चारशे ते आठशे ग्रॅम. म्हणजे सात किलोला चारेक महिने. घाई नको. दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर वजन, आणि मधे हात फिरवत राहा. काट्याआधी हाताला कळतं.

सेक्रेटरी: कमिटीने ठरवलं आहे. ब्रुनोला जो काही देईल त्याने गेटवरच्या व्हिजिटर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहायचं. बाहेरचं दिवसाला शंभर कॅलरी, त्यावर बंद.

पुढचा बुधवार

सेक्रेटरी: शेवटचं पान वॉचमनकाकांनी वाचून दाखवलं, तसंच टाकतो.
सकाळी ७.१०, ए-१०१, काकडी, ४ चकत्या.
सकाळी ८.००, सी-५०१, गाजर अर्धं.
सकाळी ८.०५, ए-१०१, काकडी, २ चकत्या. शेरा: तो परत आला.