मदत हवी आहे: बहिणीच्या अध्यक्षपदाला होणारा विरोध

माझ्या बहिणीला आमच्या मुस्लिम समाजाच्या शिक्षण समितीचं अध्यक्षपद घ्यायचंय. घरचे पाठीशी आहेत, पण काही ज्येष्ठ म्हणतात, "बाईनं पुढारपण करणं आपल्यात नाही." मला हे अजिबात पटत नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती १९२० मध्ये भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या. संविधान सभेत बेगम एजाज रसूल होत्या, आणि धर्माच्या आधारावर राखीव मतदारसंघ नकोत असं त्यांनी तिथं ठामपणे मांडलं. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, त्याही फातिमा बीवी.

पण ही नावं ज्येष्ठांना लांबची वाटतात. मोहल्ला, पंचायत, शाळा अशा पातळीवर पद सांभाळलेल्या मुस्लिम स्त्रिया इथं आहेत का? पहिली बैठक कशी हाताळलीत? विरोध करणाऱ्यांशी नातं न तोडता कसं बोललात? कृपया सविस्तर लिहा, बहीण स्वतः वाचणार आहे.