रविवारच्या कट्ट्याचे दार सगळ्यांना उघडावे का?

काळी पाटी (सातारा)

दर रविवारी सकाळी सात वाजता पोवई नाक्याजवळच्या एका टपरीवर आमचा जुन्या मोटारसायकलवाल्यांचा कट्टा भरतो. जावा, येझदी, राजदूत, उजव्या पायाच्या गिअरची बुलेट आणि अलीकडे दोनचार यामाहाच्या आरएक्स १०० अशा गाड्या रांगेत लागतात, चहा होतो, कोणाची तरी गाडी हमखास सुरू होत नाही, मग सगळे मिळून ती सुरू करतात आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या अलीकडे कुठेतरी पोहे खाऊन परततात. एके काळी तीस-पस्तीस गाड्या येत. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र एकाही रविवारी आकडा नऊच्या वर गेलेला नाही. त्यातले दोघे सत्तरीच्या पुढचे आहेत आणि एकाला डॉक्टरांनी किक मारायला मनाई केल्यामुळे तो मुलाच्या स्कूटरवर मागे बसून येतो.

हा विषय आत्ता काढायचे कारण असे, की गोडोलीतल्या आमच्या मिस्त्रींनी दिवाळीत गॅरेज बंद केले. सातारच्या एमआयडीसीत महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनत असे, त्या काळात तिथे हात बसलेला हा माणूस. नंतर चाळीस वर्षे त्याने टू-स्ट्रोक इंजिनेच उघडली. जावाच्या पॉइंटचे, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या दोन टोकांमधले, ०.४ मिलिमीटरचे अंतर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घेऊन कोणीही लावील. मिस्त्री मात्र सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटांच्या मध्ये धरत, दुसऱ्या हाताने क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) केसभर केसभर फिरवत आणि कागद ज्या क्षणी चिमटीतून अलगद सुटे, तिथे थांबून प्लगच्या भोकातून पिस्टनची उंची मोजत. हे मी शंभर वेळा पाहिले आहे आणि मला ते आजही जमत नाही.

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले, राजदूत ३५० तर त्याहून आधीच गेली. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आले खरे, पण त्या चार स्ट्रोकच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्या गाड्या आहेत. त्यांचा एक नटसुद्धा आपल्या उपयोगाचा नाही. म्हणजे अडचण आली तर विचारायला कंपनी नाही, आणि आता मिस्त्रींचे गॅरेजही नाही.

माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. गाडी जुनी असो, नवी असो किंवा नसो, ज्याला या यंत्रांची ओढ आहे त्याला कट्ट्यावर येऊ द्यावे. आणि मिस्त्रींजवळ बसून, त्यांच्या हातांचे फोटो घेऊन, हे सगळे काम मराठीत लिहून काढावे व ते सर्वांना वाचायला खुले ठेवावे. आपली मते स्पष्टपणे मांडावीत.

डबल सायलेन्सर (कराड)

काळी पाटी यांची तळमळ मला समजते, कारण त्या नऊ गाड्यांतली एक माझी आहे. तरीही दोन्ही प्रस्तावांना माझा विरोध आहे.

दार उघडण्याचा प्रयोग आपण तीन वर्षांपूर्वी एकदा केला होता, याचा त्यांना विसर पडलेला दिसतो. नव्या, जड गाड्यांवरची आठ-दहा मुले आली, मुले वाईट नव्हती, पण यवतेश्वरच्या दुसऱ्या वळणालाच ती दिसेनाशी झाली. आमच्यातल्या एका राजदूतची क्लच केबल तुटली तेव्हा मागे पाहायला कोणी नव्हते, आणि वर पोचल्यावर ती मुले पठाराच्या रस्त्यावर सायलेन्सर गर्जवत व्हिडिओ काढत होती. पुढच्या रविवारी वाटेतल्या गावकऱ्यांनी आम्हालाच अडवले. आपला कट्टा टिकला तो प्रत्येकाची गाडी केव्हा ना केव्हा बंद पडणार आहे या एका खात्रीवर. ज्याची गाडी बंदच पडत नाही, त्याला दुसऱ्यासाठी थांबायची गरज काय?

लिहून काढण्याबद्दल सांगायचे, तर इंजिनाचे काम वाचून येत नाही. मिरजेत सतार आणि तंबोरा करणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आहेत. तिथला पोरगा भोपळ्याशेजारी बसून, जवारी (तारेचा झंकार) लावणारा हात पाहून शिकतो, पुस्तक वाचून नव्हे. कागदावर पाहून टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे लावणारा माणूस पिस्टनला भोक पाडून ठेवतो आणि मग गाडीला नावे ठेवतो. शिवाय सगळे खुले करण्याचा व्यवहारातला परिणामही पाहावा. कोणत्या भंगारवाल्याकडे येझदीचे क्रँक पडले आहेत, हे आपल्यातल्याच एकाने उत्साहाने जाहीर केले होते. दोन महिन्यांत त्या भंगारवाल्याने भाव तिप्पट केला आणि उरलेले क्रँक परजिल्ह्यातले व्यापारी उचलून घेऊन गेले.

कृष्णाकाठ (सांगली)

डबल सायलेन्सर साहेबांनी मिरजेचे उदाहरण दिले म्हणून लिहितो, कारण ती गल्ली माझ्या घरापासून लांब नाही. मिरजेच्या तंबोऱ्याला आजही नवे गिऱ्हाईक आहे, गाणे शिकणारे विद्यार्थी आहेत, पंढरपूरकडून भोपळा येतो आणि रोज नवे वाद्य उभे राहते. म्हणून तिथे शेजारी बसून शिकणे शक्य आहे. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यासाठीसुद्धा वाद्य कसे घडते ते आधी कागदावर उतरवावेच लागले. आपल्या गाड्यांचे तसे नाही. नवे इंजिन कोणी करणार नाही, त्यामुळे शिकाऊ पोराच्या हाती द्यायला रोजचे काम नाही, आणि काम नाही म्हणून पोरगा नाही.

न लिहिण्याची किंमत काय असते, ते आम्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिले. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा नदीजवळच्या एका गॅरेजमध्ये सहा गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या सहाही गाड्या परत रस्त्यावर आल्या. चिखल धुतला, इंजिने पूर्ण उघडली, बेअरिंगे बदलली, वायरिंग नवे घातले. परत आल्या नाहीत त्या तिथल्या मिस्त्रींच्या दोन वह्या. कोणत्या सिलिंडरला कितव्या बोअरचा पिस्टन घातला, कोणते बेअरिंग दुसऱ्या कोणत्या यंत्राचे चालते, कोणते ऑइल सील शेतीपंपाच्या दुकानात मिळते, हे तीस वर्षांचे सगळे त्यात शाईने लिहिलेले होते. पाणी ओसरल्यावर वह्यांची पाने एकमेकांना चिकटून लगद्याची वीट झाली होती. ती वीट त्यांनी गच्चीवर आठ दिवस वाळत घातली होती. त्या वह्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत असे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते, आणि हा दोष पुराचा नाही.

पासिंग (सातारा)

माणसांची आणि वह्यांची चर्चा चालू आहे, पण गाड्या नाहीशा होतात त्या बहुतेक वेळा कागदांमुळे, याकडे कोणी लक्ष दिलेले नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. आजोबांच्या नावावरची जावा वडिलांनी चालवली, आरसी बुक कोणी नावावर करून घेतले नाही, दोन नूतनीकरणे हुकली, मग दंडाचा हिशेब ऐकून घरातल्यांनी गाडी भंगारात दिली, ही कथा मी इतक्या घरांत ऐकली आहे, की आता गाडीची चौकशी करण्याआधी मी वारस किती आहेत ते विचारतो.

ज्यांची गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आहे, त्यांच्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे वेगळे नियम केले. नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच मुभा आहे. आता रविवारचा चहा हा रोजचा वापर की रॅली, हे ज्याने त्याने ठरवावे. (माझ्या मते पोहे धरले तर ती रॅली होते.)

लिखाण खुले करायचे असेल तर माझी एकच अट आहे. चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि मालकाचे नाव-गाव त्यात कुठेही येऊ देऊ नये. बेवारस सांगाड्यावर दुसऱ्याचा क्रमांक ठोकून विकणारे लोक आहेत, त्यांना आपणच आयते साहित्य पुरवायला नको.

आरएक्सवाली (वाई)

मी कट्ट्यावर एकदाच आले होते, म्हणून माझे मत कदाचित कोणाला महत्त्वाचे वाटणार नाही. बाबांची १९९१ ची आरएक्स १०० त्यांच्यानंतर तीन वर्षे गोठ्यात उभी होती. तिचा ऑइल पंप चालत नव्हता, म्हणून वाईतल्या एकाने तो काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालायला सांगितले. हे बरोबर की चूक ते विचारायला मी पसरणीचा घाट नव्हे, साताऱ्याचा रस्ता धरला. पोवई नाक्यावर मला तीन जणांनी तीनदा विचारले, “गाडी कोणाची?” आपुलकीने विचारले असेल, नाही असे म्हणत नाही. पण माझी आहे असे सांगितल्यावरही चौथ्याने “भाऊ मागून येतोय का?” असे विचारले, तेव्हा मी चहा न घेताच परतले.

डबल सायलेन्सर काका, ज्याची गाडी बंद पडते त्यालाच आत घ्यायचे असा आपला नियम असेल, तर त्या दिवशी माझी गाडी भुईंजच्या पुढे दोनदा बंद पडली होती. दार उघडे की बंद हा प्रश्न नंतरचा आहे. दारात उभ्या असलेल्याला काय विचारले जाते, ते आधी पाहा.

काळी पाटी (सातारा)

आरएक्सवाली ताई, त्या दिवशी मीही तिथे होतो आणि त्या तिघांपैकी एक मी असण्याची दाट शक्यता आहे. मनापासून क्षमा मागतो. ऑइल पंपाबद्दल सांगायचे तर योग्य प्रमाणात मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी चालते. पण पंप मुळात वेगाप्रमाणे आणि ॲक्सिलरेटरप्रमाणे ऑइल कमी-जास्त सोडतो, ती सोय त्यात राहत नाही. पंप जपून ठेवला असेल तर टाकू नका, आपण तो उघडून पाहू.

डबल सायलेन्सर यांचा भंगारवाल्याचा मुद्दा मला मान्य आहे. सुट्या भागांचे ठावठिकाणे कट्ट्यातच राहावेत आणि पासिंग यांची अटही तशीच पाळावी. मात्र कामाचे ज्ञान झाकून ठेवण्याला माझा विरोध कायम आहे, आणि त्याला आता एक नवे कारण आले आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यातले काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसापासून होते, त्याचे पैसे आपल्याच शेतकऱ्यांना मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवते, जुने रबर फुगवते आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी बसते. गेल्या सप्टेंबरमध्ये माझ्या येझदीचा कार्बोरेटर उघडला तेव्हा वाटीच्या तळाला पांढरट खडूसारखा थर होता आणि कोकचे (पेट्रोलच्या नळाचे) वायसर बोटाने दाबताच लोण्यासारखे पसरले. मिस्त्रींना दाखवले, तर ते पाच मिनिटे गप्प राहून म्हणाले, “हे माझ्या वेळचं नाही.” गाडी उभी करण्याआधी कार्बोरेटर रिकामा करावा एवढे आपल्याला सुचले; कोणते रबर वापरावे हे ज्याला रसायन कळते असा कोणीतरी सांगेल, आणि तो माणूस आपल्या नऊ जणांत नाही. तो नव्या गाडीवरून आला तर आपण त्याला टपरीवरून परत पाठवायचे का?

डबल सायलेन्सर (कराड)

रबराचा मुद्दा मला लागू पडला, कारण माझ्या कोकची अवस्थाही तीच आहे आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. आरएक्सवाली यांचे पत्र मी दोनदा वाचले. चौथा मी होतो.

तरीही घाटात सर्वांत हळू गाडी सर्वांत पुढे राहील आणि तिला कोणी ओलांडणार नाही, हा जुना नियम लेखी स्वरूपात लावल्याशिवाय मी दार उघडण्याला संमती देणार नाही. हा नियम ज्याला मान्य आहे तो कोणत्याही गाडीवर येवो. ज्याला नाही, तो जावा घेऊन आला तरी नको. लिखाणाबद्दल माझे मत अजून बदललेले नाही. वाचून टायमिंग लागत नाही, असे मला आजही वाटते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिन आहे, तोपर्यंत मिस्त्रींकडे बसून एक प्रकरण तयार करा. कट्ट्याबाहेरच्या एखाद्या मुलाने केवळ ते वाचून माझ्या गाडीचे पॉइंट लावून दाखवले, तर पुढच्या प्रकरणांचा छपाईचा खर्च मी देईन. पिस्टनला भोक पडले तर मात्र तो खर्च काळी पाटी यांचा.

या रविवारी मी मिस्त्रींच्या घरी थेट येतो. सिगारेटचा कागद कोणीतरी आठवणीने आणावा. आपल्यात आता ओढणारा एकही उरलेला नाही.