कर्नल बदलल्यावर तापमानाचा आकडा हलला: आधी मागे फिरायचं की आधी तपासायचं?

लोहचुंबक:
लिनक्सचा नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) चढवला, मशीन पुन्हा चालू केलं आणि 'सेन्सर्स' कमांडने प्रोसेसरचं तापमान १० अंशांनी वेगळं दाखवलं, की सल्ला ठरलेला असतो: जुन्या कर्नलवर परत जा. माझा याला विरोध आहे.

इंटेलच्या चिपमधला सेन्सर थेट अंश सांगतच नाही. कमाल मर्यादेच्या, म्हणजे टीजेमॅक्सच्या, आपण किती खाली आहोत एवढंच तो सांगतो. टीजेमॅक्स १०० आणि सेन्सरचा आकडा ४५ असेल, तर कोरटेम्प ड्रायव्हर (कर्नलमधला हा सेन्सर वाचणारा भाग) वजाबाकी करून ५५ दाखवतो. काही जुन्या चिपमध्ये टीजेमॅक्स वाचता येत नाही, म्हणून ड्रायव्हर मॉडेलवरून अंदाज बांधतो. तो अंदाज बदलला की चिप तेवढीच गरम असूनही आकडा सरकतो.

एएमडीची गंमत वेगळी. रायझन २७००एक्सचा टीकंट्रोल हा पंख्याच्या नियंत्रणासाठीचा आकडा खऱ्या तापमानापेक्षा (टीडायपेक्षा) १० अंश जास्त असतो, थ्रेडरिपर १९५०एक्सचा २७ अंश. २०१८ साली २७००एक्स आली तेव्हा एएमडी चिपसाठीच्या के१०टेम्प ड्रायव्हरला हा फरक माहीत नव्हता, म्हणून सेन्सर्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'कम्प्यूट' ओळ लिहून १० वजा करायची पद्धत पडली. पुढच्या कर्नलमध्ये ड्रायव्हर स्वतःच १० वजा करू लागला, पण ओळ तशीच राहिली. ४८ चे ३८ व्हायला हवेत, तिथे २८ दिसतात. खोलीत ३० अंश असताना साध्या पंख्याने थंड होणारी चिप २८ वर जाऊच शकत नाही. असा आकडा दिसला की आधी ती ओळ शोधा.

रात्रपाळी:
तुमची माहिती बरोबर, क्रम चुकीचा. त्या आकड्यावर कुणाचा तरी पंखा चालतो, हे तुम्ही सोडून दिलंत.

कर्नल ५.५ पासून एनव्हीएमई डिस्कचं तापमान एचडब्ल्यूमॉनमध्ये (कर्नलच्या सेन्सरांच्या यादीत) येऊ लागलं, ५.६ मध्ये साटा डिस्कसाठी ड्राइव्हटेम्प ड्रायव्हर आला. यादीत नवं उपकरण शिरलं की एचडब्ल्यूमॉन१ चा एचडब्ल्यूमॉन२ होऊ शकतो. पंख्याचा वेग ठरवणारा फॅनकंट्रोल प्रोग्रॅम निदान उपकरणाचं नाव आणि पाथ ताडून पाहतो आणि जुळलं नाही तर थांबतो. हाताने लिहिलेली स्क्रिप्ट असलं काही तपासत नाही. ती निमूट डिस्कचे ४० अंश वाचते आणि प्रोसेसर ८५ वर असताना पंखा मंद ठेवते. ज्या मशीनवर लोकांचं काम चालू आहे, तिथे आधी ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूतून) जुना कर्नल निवडा, मग सवडीने शोध घ्या.

लोहचुंबक:
स्क्रिप्टचा दोष कर्नलच्या माथी का? त्यात क्रमांक लिहायचाच नसतो. प्रत्येक एचडब्ल्यूमॉन डिरेक्टरीत 'नेम' फाइल असते, तिच्यात कोरटेम्प किंवा के१०टेम्प आहे का ते पाहून पाथ घ्यायचा. आत 'टेम्प१' वरही विसंबू नका. के१०टेम्पमध्ये टीडाय आणि टीकंट्रोल यांच्या जागांची अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे 'लेबल' फाइल वाचा. शिवाय टीजेमॅक्स गाठलं की चिप स्वतःच वेग उतरवते, त्यासाठी तिला कर्नल लागत नाही.

रात्रपाळी:
चिप वाचेल, कामाचा वेग जाईल त्याचं काय? पंखा आधी बायोसच्या (मदरबोर्डमधल्या प्रोग्रॅमच्या) ताब्यात द्या, एवढं तरी मान्य करा.

उष्मामापी:
पंखा बायोसकडे देण्याला +१. पण तुम्ही दोघंही फक्त अंश पाहताय. नुसता आकडा बदलला, का खरोखर उष्णता बदलली, हे वॅट सांगतात.

टर्बोस्टॅट (चिपचा वेग आणि वीज मोजणारी कमांड) रूट म्हणून चालवा, ५ सेकंदांच्या अंतराने. स्ट्रेस-एनजीने सगळ्या कोअरवर १५ मिनिटं भार द्या, कारण हीटसिंक तापून स्थिरावायला वेळ लागतो. खोलीचं तापमान आणि पंख्याचे फेरे लिहून ठेवा. मग टर्बोस्टॅटचे 'पॅकेज वॅट' (चिपची वीज) आणि 'बिझी मेगाहर्ट्झ' (कामात असतानाचा वेग) हे रकाने दोन्ही कर्नलवर ताडा. वॅट, फेरे आणि खोली तीच, तरी अंश वेगळे, तर ड्रायव्हरचा हिशोब बदललाय. ६५ चे ८० वॅट झाले, तर चिप खरोखर जास्त तापतेय आणि कारण बहुधा वेगनियंत्रणात आहे. कर्नल ६.५ पासून बऱ्याच रायझनवर एसीपीआय-सीपीयूफ्रेक या वेगनियंत्रक ड्रायव्हरऐवजी एएमडी-पीस्टेट आपोआप लागू होतो. 'स्केलिंग ड्रायव्हर' फाइल उघडली की कळतं. खात्रीसाठी त्याच नव्या कर्नलला बूट करताना 'एएमडी_पीस्टेट=डिसेबल' द्या आणि पुन्हा मोजा.

जुन्या कर्नलवर जाऊन फरक मिटला म्हणजे दोष कर्नलचा, हेही मला पटत नाही. दोन्ही कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी लोड होणाऱ्या फाइलमध्ये) वेगवेगळा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्रॅम, असू शकतो. 'सीपीयूइन्फो'मधली मायक्रोकोडची ओळ दोन्हीकडे सारखी आहे का, ते आधी पाहा.

रात्रपाळी:
मायक्रोकोडचा मुद्दा मान्य. पण १५ मिनिटं पूर्ण भार चालू सर्व्हरवर देता येत नाही. तिथे मी जुना कर्नलच लावणार आणि ही मोजणी त्याच प्रोसेसरच्या, तोच कूलर असलेल्या रिकाम्या मशीनवर करणार.

उष्मामापी:
मग त्या मशीनवरही पंख्याचा वेग एकाच आकड्यावर बांधून ठेवा. फेरे बदलत राहिले तर अंशांची तुलनाच होत नाही.